उजेडाचे परावर्तन

आमच्या घरी गुलाबजाम कधी झाले नाहीत. व्हायचे ते पाकातले गोळे. दिवाळीला, राखीला किंवा खाप्याहून मामा आला की आई पितळेच्या परातीत खवा मळायला बसायची, सिगडीवर पाक रटरटायचा, आणि मी कुठंतरी पुस्तकात तोंड खुपसून बसले असले की हाक यायची, "सुले, पाकातले गोळे करपून राहिले वं, झारा फिरव." गुलाबजाम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो माझी मैत्रीण विमल हिच्या घरी. हा काहीतरी श्रीमंतांचा पदार्थ असणार असं समजून मी हावरटासारखी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले, आणि ताटलीत आले ते आमचेच गोळे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या बाबांचं नाव गुलाबराव. बायकोनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आईला तिच्या आईनं सांगितलेलं, आणि आई कुठलंही काम अर्धवट करणारी नव्हती. तिनं नावाबरोबर फूल, मिठाई, पाणी, सगळंच सोडून दिलं होतं. गुलाबपाणी आमच्याकडे वासाचं पाणी होतं. दाराशी वनस्पती तुपाच्या डब्यात लावलेलं रोप काट्याचं झाड होतं. आई त्याला रोज सकाळी पाणी घालायची आणि त्याचं फूल देवाला वाहायची, पण देवालासुद्धा ते कसलं फूल आहे हे तिनं कधी सांगितलं नसावं.

ह्यातून एकदा मोठा घोटाळा झाला. रेशनकार्डासाठी नावं लिहून घ्यायला एक माणूस आला. बाबा दुकानात, मी शाळेत, घरी आई एकटी. त्यानं घरधन्याचं नाव विचारलं. आईनं पदर तोंडाशी घेतला आणि काट्याच्या झाडाकडे बोट दाखवलं. माणूस हुशार होता, त्याला इशारा कळला, पण अर्धाच. झाडावर त्या दिवशी मोठं फूल होतं. पुढं कार्ड हातात आलं तेव्हा त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून फुलचंद पौनीकर विराजमान होते. बाबांना ते नाव बदलून घ्यायला बऱ्याच चकरा माराव्या लागल्या, आणि तोवर साखर आणि रॉकेल फुलचंदच्या नावानं येत राहिलं. दुकानातले लोक त्यांना "काय गा फुलचंद" म्हणायला लागले. बाबा हसायचे. आई मात्र म्हणायची, "नाव चुकलं त चुकलं, माणूस त जागेवर हाय ना."

बाबा नागपूरच्या गांधीबागेतल्या बाजारात एका ठोक कपड्याच्या दुकानात गादीवर बसायचे. मालक दुसरे, पण रंग बाबांचे. गिऱ्हाइकानं नुसतं लाल म्हटलं की बाबा विचारायचे, कोणता लाल, कुंकवाचा, विटेचा, का डाळिंबाचा. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याला नव्या कापडाच्या खळीचा वास यायचा आणि टोपीवर धागे अडकलेले असायचे. आमच्या गल्लीत घरोघरी माग होते, त्यांची खटखट दिवसभर चालू असायची, आणि आई तिच्यावर आवाज चढवून बोलायची, त्यामुळे माग बंद पडले तरी आमचं घर भांडल्यासारखंच वाटायचं. दर दिवाळीच्या आधी बाबा चहा पिता पिता विचारायचे, "अवं, लुगडं कोणत्या रंगाचं आणू?" आणि आई दर वेळी म्हणायची, "आणा कोणतंबी." मग बाबा दुकानात जे उरलं असेल ते आणायचे. ते बहुतेक पोपटी असायचं, कारण पोपटी कोणी घेत नाही. आईजवळ पोपटी लुगड्यांची चळत होती. पण शेजारच्या निखारेकाकू त्यांचं गुलाबी लुगडं नेसून आल्या की आई त्यांचा पदर दोन बोटांत धरून बघत राहायची. "हा रंग मले लई आवडते," म्हणायची. काकू मुद्दाम विचारायच्या, "कोणता वं?" आई म्हणायची, "हाच." हळदीकुंकवाला उखाणा घ्यायची पाळी आली तरी ती यमकापर्यंत यायची, नाव पदरात गिळायची, आणि बायका हसून तिच्या वतीनं "गुलाबराव" म्हणून टाकायच्या.

मला ह्या सगळ्याची फार चीड होती. चौदाव्या वर्षी मुलीला ज्या ज्या गोष्टींची चीड यायला हवी त्या सगळ्यांची मला होती, आणि वर थोडी शिलकीतही होती. आईला मी ऐकवायची, की बाबा तुझं नाव खुशाल घेतात, "मैना, पाणी आण" म्हणतात, मग तुझं आयुष्य नाही का कमी होत? आई भाकरी थापत म्हणायची, "माह्यं कमी झालं त होऊ दे. तू आंबाडीची भाजी निवड." मी तिच्यासमोर मुद्दाम "गुलाबजाम, गुलाबपाणी, गुलाबी" असं एका दमात म्हणून दाखवायची. ती कानावर हात ठेवायची आणि हसायची. जगातल्या सगळ्या बायका माझ्या आईसारख्या भित्र्या आहेत आणि मी तेवढी वेगळी निघाले आहे, ह्याची मला पक्की खात्री होती. आज सत्तरीकडे झुकताना ती चौदा वर्षांची पोरगी आठवली की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो, आणि नंतर जवळही घ्यावंसं वाटतं.

आमची शाळा मुलामुलींची एकत्र होती, पण एकत्र म्हणजे छप्पर एक, एवढंच. वर्गात मधून वाट होती, एका बाजूला मुलं, एका बाजूला मुली, आणि ती वाट ओलांडून बोलणं म्हणजे वर्षभराच्या चिडवण्याची सोय. मुलगे मुलींना आडनावानं बोलवत, मुली मुलांना बोलवतच नसत. शाळेचा एक नियम होता, की आठवीत ज्याचा पहिला नंबर येईल तो नववीत मॉनिटर. मॉनिटरनं रिकाम्या तासाला सरांच्या खुर्चीजवळ उभं राहायचं, आणि जो बोलेल त्याचं नाव घ्यायचं. नाव घेतलं की त्यानं तास संपेपर्यंत उभं राहायचं. आठवीत पहिला नंबर माझा आला होता. नववीच्या पहिल्याच आठवड्यात आमचे वर्गशिक्षक देवळे सर, जे विज्ञानही शिकवत, वर्गात आले आणि म्हणाले, "मॉनिटर, प्रकाश बावणे." प्रकाशचा नंबर दुसरा होता.

मी उभी राहिले. विमलनं माझा परकर धरून खाली ओढलं, तरी उभी राहिले. पहिला नंबर माझा आहे, असं मी म्हणाले. सर वाईट माणूस नव्हते, त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, की मुलींसाठी वेगळी उपमॉनिटर नेमू, तू ती हो, पण मुलीनं रोज उभं राहून मुलांची नावं घ्यावीत हे काही बरं दिसत नाही. "नावं घ्यावीत" म्हटल्याबरोबर वर्ग खिदळला, कारण नाव घेणं म्हणजे काय हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत. माझे कान तापले. मी म्हणाले, "सर, तुम्ही रोज हजेरीत आमची सगळ्यांची नावं घेता. ते कुठं वाईट दिसते?"

खिदळणं थांबलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आता हातावर छडी बसणार असं मी धरूनच चालले होते. तेवढ्यात मुलांच्या बाजूनं प्रकाश बावणे उभा राहिला. लकडगंजात त्याच्या वडिलांची लाकूड कापायची आरा मशीन होती. शाळेत यायच्या आधी तो तिथं हात लावून यायचा, त्यामुळे त्याच्या केसांत नेहमी लाकडाचा भुसा असायचा आणि तो जवळून गेला की सागवानाचा वास यायचा. म्हणजे मला येत नव्हता, विमल सांगायची. तो म्हणाला, "सर, पयला नंबर तिचा हाय. मले नाही पाहिजे." आणि बसला. बसल्यावर बोटांनी बाकावर ठेका धरला, ही त्याची सवय होती. सरांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि "ठीक आहे, बघू कसं जमतं," म्हणून फळ्याकडे वळले. अशी मी त्या शाळेतली पहिली मुलगी मॉनिटर झाले. आणि त्याच मिनिटाला प्रेमातही पडले. ह्याला दुसरा शब्द नाही, आणि असला तरी ह्या वयात मी तो शोधत बसणार नाही.

पुढचे काही दिवस माझ्यासारखी सुखी मुलगी नागपुरात नव्हती. मी खुर्चीजवळ ताठ उभी राहायची आणि खणखणीत आवाजात नावं घ्यायची. दिनेश, उभा राहा. रमेश, उभा राहा. मुलं पहिल्या दिवशी हसली, दुसऱ्या दिवशी कुरकुरली, आणि तिसऱ्या दिवसापासून निमूट उभी राहायला लागली. मुलींच्या बाजूला माना ताठ व्हायला लागल्या. पाचवीतल्या बारक्या पोरी मधल्या सुट्टीत येऊन मला खिडकीतून बघून जायच्या. विमल म्हणायची, "सुले, तू त इंदोरा चौकातला ट्राफिक पोलिसच झाली वं." मला ते पोलिस असणं फार आवडत होतं.

अडचण एकच होती. वर्गात बोटांनी बाक बडवणारा मुलगा एकच होता, आणि त्याचं नाव माझ्या तोंडातून निघेना. मी तोंड उघडायची, आणि बाहेर यायचं, "बावणे." आता आमच्या वर्गात बावणे दोन होते. दुसरा सुरेश बावणे, पहिल्या बाकावरचा, जाडसर, गरीब, आयुष्यात कधी तासाला न बोललेला. मी "बावणे" म्हटलं की प्रकाश अगदी निरागस चेहरा करून सुरेशकडे बघायचा, आणि सुरेश बिचारा आपलंच काहीतरी चुकलं असेल असं समजून उभा राहायचा. पोळा गेला, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळाही होऊन गेला, गणपती गेले, पावसाळा गेला, आणि सुरेश बावणे उभाच होता. मला हे दिसत नव्हतं असं नाही. पण ते नाव जिभेवर घेतलं की सगळ्या वर्गाला, सरांना, भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरींना माझ्या पोटातलं कळेल, असं मला वाटायचं. गंमत अशी की न घेतल्यानं ते सगळ्यांना आधीच कळलं होतं. आपल्याकडे बाई कोणाचं नाव घेत नाही, हे काय कोणाला शिकवावं लागतं?

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस राहिले असताना विज्ञानाच्या तासाला सरांनी नवा धडा काढला. घसा खाकरून म्हणाले, "सुलोचना, वाच." मी पुस्तक उघडलं. धड्याचं नाव होतं, प्रकाशाचे परावर्तन. मी वर बघितलं, खाली बघितलं, आणि वाचायला लागले. "उजेडाचे परावर्तन. उजेड सरळ रेषेत प्रवास करतो." सर डोळे मिटून ऐकत होते, त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली असेल. "आरशावर पडलेल्या उजेडाचा किरण जेव्हा..." मुलांच्या बाजूनं कुणीतरी फुसकन हसलं. "सूर्याचा उजेड," मी वाचलं, आणि विमलनं बाकाखाली डोकं घातलं. मग सगळा वर्गच हसायला लागला. माझा आवाज पातळ होत गेला, पण मी उजेड काही सोडला नाही. माझं मलाच ऐकू येत होतं, आणि आवाज आईचा होता. झारा फिरव वं, पाकातले गोळे करपून राहिले.

हसणं ओसरलं तेव्हा सुरेश बावणे स्वतःहून उभा राहिला. इतके दिवस उभं राहून राहून त्याला सवयच झाली होती म्हणा. तो म्हणाला, "सर, मी कधी बोलत नाही, तरी रोज मीच उभा राहतो. ही त्याचं नाव काहून घेत नाही?" त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आता हसायला कोणाला धीर झाला नाही. सर खुर्चीतून उठले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते हळू बोलले. म्हणाले, "मी काय म्हटलं होतं? मुलीला नाही जमत. तिचा दोष नाही, पण जमत नाही." मग त्यांनी ठरवून दिलं. उद्या मी हाच धडा परत वाचायचा, छापला आहे तसा. नाही वाचला तर मॉनिटर प्रकाश, आणि ह्यापुढं ह्या वर्गात मुलीला मॉनिटर करायचं नाही. मी प्रकाशकडे बघितलं नाही. त्याच्या बाकावरचा ठेका मात्र बंद झालेला ऐकू आला.

घरी आले तेव्हा आई कढीत टाकायला चण्याच्या डाळीचे गोळे वळत होती. मी दप्तर फेकलं आणि रडायला लागले. आईनं हात धुतले नाहीत, तशीच येऊन बसली. मी तुटक तुटक सगळं सांगितलं, मॉनिटर, दोन बावणे, धडा. फक्त त्या मुलाचं नाव सांगायचं राहिलं. आईनं विचारलं, "नाव काय पोट्ट्याचं?"

मी परकराचा काठ बोटाला गुंडाळत बसले. ती परत म्हणाली, नाव सांग. मी नाक ओढत म्हणाले, "दिवा लावल्यावर पडते ते."

आईला हसू फुटलं. असं हसू मी तिच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. ती भिंतीला टेकून हसली, डाळीचे हात पोटावर धरून हसली, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "पाकातले गोळे," ती म्हणाली, "अवं, तू त माह्यीच पोरगी निघाली." मला इतका संताप आला की रडणं थांबलं. मग तीही हळूहळू थांबली. पदरानं डोळे पुसले. आणि कढीकडे न बघता, एकदम साध्या आवाजात म्हणाली,

"मले त माह्या मायनं सांगतलं होतं, नाव घेऊ नको म्हून. तुले कोणी सांगतलं?"

मी विचार केला. "कोणीच नाही."

"मंग काहून गप राहिली?"

पुढं मी शिक्षिका झाले, बायकांच्या सभांमधून बोलले, बांगड्या घातलेल्या हातांनी टेबल आपटून टाळ्या घेतल्या, पण आईच्या त्या चार शब्दांपुढं माझी सगळी भाषणं लंगडी आहेत असं मला अजून वाटतं. कोणी सांगितलं नसताना आपण का गप्प राहतो, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या रात्री जेवताना मला कढीची चव लागली नाही. आई मात्र मधूनच हसत होती, आणि बाबा विचारत होते काय झालं, आणि आई म्हणत होती, काही नाही, तुम्ही जेवा.

दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला सरांना यायला उशीर झाला. मी खुर्चीजवळ उभी राहिले. वर्ग इतका शांत होता की बाहेरच्या कडुलिंबावरच्या चिमण्या ऐकू येत होत्या. सगळे वाट बघत होते. आणि मग प्रकाश बावणेनं बाक बडवायला सुरुवात केली. रोजच्यासारखा बोटांनी हळू नाही, दोन्ही तळव्यांनी, आमच्या गल्लीतल्या बारशाच्या ढोलकीसारखा. तो माझ्याकडे बघत नव्हता, फळ्याकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. मला कळलं तो काय करतो आहे. तो मला दार उघडून देत होता, पण चालायचं मलाच होतं. पहिल्या बाकावर सुरेशनं माझ्याकडे इतक्या केविलवाण्या नजरेनं बघितलं की तेवढ्यानंच माझी जीभ सुटली.

"प्रकाश," मी म्हणाले. "प्रकाश बावणे. उभा राहा."

तो उभा राहिला. मी इतकी नावं घेतली त्या वर्षात, पण नाव घेतल्याचा आनंद झालेला मुलगा मी एकच पाहिला. कोणी हसलं नाही. एका मुलीनं, बहुधा विमलनंच, मोठा श्वास सोडला. दारात देवळे सर उभे होते, कधीपासून ते माहीत नाही. ते आत आले, पुस्तक उघडलं, आणि मी न सांगता वाचायला लागले. प्रकाशाचे परावर्तन. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो. आरशावर पडलेला प्रकाशकिरण. सूर्यप्रकाश. त्या धड्यात तो शब्द किती वेळा होता देव जाणे, पण मी एकही गाळला नाही, आणि प्रत्येक वेळी तो मला गोड लागला. सरांनी डोळे मिटून सगळा ऐकला. शेवटी एवढंच म्हणाले, "बस." आणि प्रकाशला, "तू उभाच राहा." मॉनिटर मीच राहिले. पुढच्या वर्षी नववीला दुसरी एक मुलगी मॉनिटर झाली तेव्हा कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

संध्याकाळी आई दारातच उभी होती, काट्याच्या झाडाशी. "घेतलं?" म्हणाली. मी म्हटलं, घेतलं. तिनं जरा आवाज खाली केला. "मंग? जिता हाय?"

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हटलं, "जिता हाय आई. तासभर उभा राहिला, अन् मग सायकल घेऊन घरी गेला."

"बरं," आई म्हणाली, आणि डब्यातल्या रोपाला पाणी घालायला लागली. सकाळी एकदा घातलं होतं, तरी.

प्रकाशचं पुढं काय झालं हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्या बायका मला सोडायच्या नाहीत. काही झालं नाही. त्याच वर्षी त्यानं मला एकदा सागवानाची पट्टी करून दिली, मापाच्या रेघा स्वतः कोरलेली, त्या थोड्या वाकड्या होत्या. ती माझ्याजवळ आहे. दहावीनंतर तो आरा मशीनवर बसला आणि मी कॉलेजात गेले. माझ्या नवऱ्याचं नाव वेगळं आहे, मी त्यांना नावानंच हाक मारते, आणि ते ऐकत नाहीत, हा वेगळा विषय. खूप वर्षांनी एका लग्नात पंगतीत कुणीतरी मागून म्हणालं, "काय मॉनिटर, जेवल्या का?" वळून बघितलं तर प्रकाश. टक्कल पडलेलं, त्यामुळे भुसा अडकायला काही उरलं नव्हतं. हसलो, बोललो, मुलंबाळं विचारली. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की त्यानं शाळेत असल्यापासून त्या दिवसापर्यंत मला मॉनिटरच म्हटलं होतं. माझं नाव त्यानं कधीच घेतलं नाही. मी रिक्षात एकटीच हसायला लागले, आणि रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं.

पण मला सांगायची आहे ती त्या वर्षीची दिवाळी. शेवटचा आठवडा होता, गांधीबागेत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि बाबा चहाला म्हणून घटकाभर घरी आले होते. आई परातीत खवा मळत होती. बाबांनी बशीत चहा ओतला आणि दरवर्षीप्रमाणे, उत्तराची वाट न बघता विचारलं, "अवं, लुगडं कोणत्या रंगाचं आणू?"

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं. मग परातीकडे बघून म्हणाली, "गुलाबी."

बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. बाहेर माग चालू होते, म्हणून त्यांना वाटलं असेल ऐकण्यात चूक झाली. मला भीती वाटली, खरंच त्यांना काही होतं की काय. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि गादीवर बसल्यावर गिऱ्हाइकाला विचारायचे तसं विचारलं.

"कोणता गुलाबी? राणी हाय, प्याजी हाय, फिका हाय..."

"साधा," आई म्हणाली. "तुमच्या नावाचा."

बाबांनी खुंटीवरची टोपी घेतली आणि परत दुकानात गेले. चहा बशीत तसाच निवला.